ठोंब्या कामावर आहे

९ जानेवारी

प्रिय वन्सं,

परवा फोन केला होता, पण तुमच्याकडचे सगळे कुत्रे एकदम बोलायला लागले आणि तुम्ही "काय? काय?" करत फोन ठेवून दिलात. म्हणून हे पत्र. पत्राचा एक फायदा असतो, तुम्हाला मला मध्येच तोडता येत नाही.

मी बरी आहे. ह्यांना जाऊन वर्ष होऊन गेलं. दुकान विकलं ते तुम्हाला माहीतच आहे. खालच्या गाळ्यात आता दागिन्यांच्या जागी चष्मे लागलेत. काउंटर तोच, आरसे तेच, फक्त पूर्वी बायका त्यात गळा बघायच्या आणि आता नाक बघतात. मी वरच राहते, आणि माझ्या दारात ठोंब्या राहतो.

लिहायचं कारण तोच. तुम्ही शिकवून तयार केलेला, तुमच्या दादांच्या राखणीला दिलेला कुत्रा, तेव्हा तक्रार तुमच्याकडेच करणार. खालचे चष्मेवाले वर आले होते, मागची खोली भाड्यानं मिळेल का विचारायला. भला माणूस आहे. चहा झाला, निघताना माझ्याजवळ उभे राहून काहीतरी बोलत होते, आणि ठोंब्या टेबलाखालून उठला तो सरळ आमच्या दोघांच्या मध्ये. भुंकला नाही की गुरगुरला नाही. त्यांच्या कोटाची बाही तोंडात धरली आणि तसाच उभा राहिला. मी किंचाळले, "अरे मेल्या, काय करतोयस, पाहुणे आहेत ना ते!" तशी लगेच सोडली. माणसाला ओरखडा नाही, पण कोट गेला.

जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "शिकवलेला कुत्रा आहे, हलक्यात घेऊ नका. पुढच्या वेळी दात लागले तर मला वर कळवावं लागेल, आणि मग त्याला झोपवण्याशिवाय इलाज राहणार नाही." झोपवणं म्हणजे कसलं ते सांगायला नको. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

टीव्हीवर एक गुरुजी येतात. कसलंही पिसाळल्यासारखं करणारं कुत्रं घ्या, अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात ते त्याला पोट वर करून लोळवतात. मी त्यांचे सगळे उपाय लिहून घेतलेत. लांब फिरवणं, खाऊ देणं, मालक कोण ते दाखवणं, आणि मालकानं मन शांत ठेवणं. हे ठोंब्याला लागू पडेल का? खरं सांगा, पण हसू नका.

तुमची,
वहिनी


१७ जानेवारी

वहिनी,

हसले. आधीच सांगते म्हणजे खोटं बोलल्यासारखं व्हायला नको.

तुझे गुरुजी मला चांगले माहीत आहेत. हल्ली माझ्याकडे येणारा प्रत्येक जण एका हातात पट्टा आणि तोंडात त्यांचं नाव घेऊन येतो. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्याकडे जातात ते कुत्रे एक तर घाबरलेले असतात, नाहीतर लाडानं बिघडलेले. सोफ्यावरून उतरणार नाही, सायकलमागे धावणार, सासू आली की भुंकणार. अशांना फिरवलं, शांत केलं, खाऊ दिला की फरक पडतो, मी स्वतः पाहिलंय. पण ठोंब्या घाबरलेला नाही आणि बिघडलेलाही नाही. ठोंब्या कामावर आहे. तू जिला खोड समजतेस ती त्याची नोकरी आहे.

आणि ते "मालक कोण ते दाखवणं" तर अजिबात करायचं नाही. गुरुजी कुत्र्याला मानेला धरून खाली दाबतात ना, तेच. मी ठोंब्याला शिकवत होते तेव्हा जाड बाही घातलेला माणूस त्याला ढकलायचा, दाबायचा, अंगावर ओरडायचा, आणि जितका जोर होईल तितकी पकड घट्ट ठेवली की ठोंब्याला शाबासकी मिळायची. त्याला दाबलंस तर तो म्हणेल, वा, आज सराव आहे वाटतं.

मला हे कळव. चष्मेवाला नेमका कुठे उभा होता, त्याचे हात कुठे होते, आणि त्या वेळी तू काय करत होतीस? शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

माझं मत विचारशील तर सोपं आहे. भाडेकरू नाकार, कुत्रा ठेव. खोली काय, दुसऱ्या कुणाला देता येईल. तेही जमत नसेल तर ठोंब्याला माझ्याकडे पाठव. त्याला इथला पिंजरा आवडणार नाही, पण जिवंत तर राहील.

तुझी,
वन्सं (तू म्हणतेस म्हणून. मला हा शब्द ऐकला की मी नऊवारीत आहे असं वाटतं.)


२५ जानेवारी

प्रिय वन्सं,

नाकारा म्हणे भाडेकरू! माणसाला काय पोत्यासारखं उचलून बाहेर ठेवायचं? आणि ठोंब्याला मी कुठेही पाठवणार नाही. ह्यांच्या मागे घरात श्वास घेणारं तेवढंच उरलंय, मी धरून.

तुम्ही गुरुजींना नावं ठेवता, पण त्यांचा खाऊचा उपाय लागू पडला बरं का. चष्मेवाले रोज दुकान बंद करून जिन्यात उभे राहतात, ठोंब्याकडे न बघता उकडलेल्या कोंबडीचे तुकडे टाकतात आणि निघून जातात. आधी तो वास घेऊन सोडून द्यायचा. आता जिन्यात त्यांची पावलं वाजली की उठून बसतो. काल शेपूट हलवली. मोठ्या साहेबानं मान डोलवावी तशी एकदाच, पण हलवली. तुमच्या शाळेत कोणी असे तुकडे टाकले असते तर तुम्ही त्यालाच साखळीला बांधलं असतंत.

पण पुढचा उपाय फसला. गुरुजी म्हणतात, पाहुणा घरात आला की मालकानं बोलायचं नाही, हलायचं नाही, कुत्र्याकडे बघायचं नाही. आपण शांत झालो की ती शांती कुत्र्यात उतरते. मी आरशासमोर सराव केला. मग चष्मेवाल्यांना वर बोलावलं. ठोंब्या कोंबडी खात होता, मजेत होता. आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग मी बोलणं थांबवलं आणि भिंतीला टेकून शांत उभी राहिले. वन्सं, ठोंब्यानं तोंडातली कोंबडी टाकली! उठला, मध्ये आला, आणि त्यांची बाही धरली. जुनाच कोट घालून आले होते म्हणून बरं. माझी सगळी शांती उडाली, मी त्याला फाडफाड बोलायला लागले, तर त्यानं बाही सोडली आणि जाऊन उरलेली कोंबडी खाल्ली. जणू काही झालंच नाही.

आम्ही पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. गुरुजींच्या म्हणण्याप्रमाणे माझी ऊर्जा चुकतेय. चष्मेवाले म्हणाले, "तुमची ऊर्जा बरोबर आहे, माझे कोट संपत आलेत."

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. पहिल्या दिवशी ते माझ्यापासून हातभर अंतरावर होते. हातात चष्मा होता, काच पुसत होते. मी काही करत नव्हते, नुसती उभी होते.

तुमची,
वहिनी


२ फेब्रुवारी

वहिनी,

तो सराव ताबडतोब बंद कर. तुझ्या ऊर्जेला काही झालेलं नाही. तू त्या बिचाऱ्या कुत्र्याला पुन्हा पुन्हा हल्ल्याचा हुकूम देतेयस आणि तो इमानेइतबारे पाळतोय.

नीट वाच. दागिन्यांच्या दुकानात चोर शिरला की पहिलं काय सांगतो? हलू नकोस, आवाज करू नकोस. मग मालक कुत्र्याला ओरडून हुकूम कसा देणार? म्हणून दादानं आणि मी खूणच अशी ठरवली की काहीही करावं लागू नये. मालक बोलता बोलता गप्प झाला आणि जागच्या जागी थिजला, की ठोंब्यानं मध्ये यायचं आणि समोरच्याची बाही धरून ठेवायची. मालक बोलायला लागला की सोडायची. दुसऱ्या कुणासाठी मी अशी खूण ठेवली नसती, कारण माणसं गप्प बसतातच. पण दादा! गिऱ्हाइकाशी बोलायचा, गिऱ्हाईक नसलं तर तराजूशी बोलायचा. त्याला गप्प करायला खरोखर चोरच लागला असता.

आता कळलं? तुझ्या गुरुजींची शांती ही ठोंब्याच्या लेखी दरोडा आहे. शंभर कुत्र्यांना जे औषध लागू पडतं तेच ह्याला दिलं की हा बाही धरतो. तुला दोष देत नाही. मला आधी विचारायला हवं होतं की उपाय नेमका करतेस कसा. आणि कोंबडीचं मानलं मी. पावलांना शेपूट हलवली हे खरोखर मोठं आहे.

पण दोन गोष्टी मला पटत नाहीत. एक म्हणजे, ही खूण तो फक्त दादाकडून घ्यायचा. मी शिकवली, तरी माझ्याकडून घेत नव्हता. मी त्याच्यासमोर तासभर थिजून उभी राहिले तरी तो कान खाजवत बसायचा. अशी खूण एका माणसावरून दुसऱ्यावर आपोआप जात नाही. मग ती तुझ्यावर कशी आली? ह्याचा मी विचार करतेय.

दुसरी गोष्ट. पहिल्या दिवशी गुरुजी नव्हते आणि शांतीही नव्हती. मग तू गप्प का उभी होतीस? तू लग्न होऊन आमच्याकडे आलीस तेव्हापासून मी तुला ओळखते. दाढ काढताना तू डॉक्टरशी बोलत होतीस. त्या चष्मेवाल्यानं असं काय विचारलं की तुझी बोलतीच बंद झाली? खरं सांग. मला कुत्र्यासाठी हवंय.

तुझी,
वन्सं


८ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

कुत्र्यासाठी म्हणे! तुम्ही पोलिसात जायला हवं होतं.

खोलीबिली काही नाही. मी खोटं लिहिलं, आणि लिहितानाच मला वाटलं होतं की तुम्ही पकडणार. चष्मेवाल्यांनी विचारलं, "आपण लग्न करूया का?" एवढंच. चष्म्याची काच पुसत पुसत, नंबर विचारावा तसं. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मला काय बोलावं सुचेना. मी थिजले, आणि तुमच्या शिष्यानं बाही धरली. आता हसायला येतं, तेव्हा नाही.

तुम्हाला राग येईल. तुमच्या दादांना जाऊन किती दिवस झाले आणि ही बाई काय करतेय, असं वाटलं तर मी तुम्हाला चूक म्हणणार नाही. मलाही आरशात बघताना तसंच वाटतं. पण कारण सांगते. ते माझं ऐकतात. मी बोलते आणि ते हातातलं काम ठेवून ऐकतात. तुम्ही म्हणाल, दादा काय ऐकत नव्हता? ऐकायचे. आम्ही दोघं एकाच वेळी बोलायचो आणि तरी दोघांनाही सगळं कळायचं. पण शेवटच्या दोन-तीन महिन्यांत ते बदलले होते, वन्सं. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. खुर्चीत बसून असायचे, मी जवळ बसून काही सांगायला लागले की मध्येच म्हणायचे, "जरा गप्प बस ना. अगदी गप्प. हलूसुद्धा नकोस." मी आपली हिरमुसून गप्प बसायचे, आणि हे खिशातून बिस्किटं काढून ठोंब्याला भरवायचे! माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. मग एकदम म्हणायचे, "हं, बोल आता." आता काय बोलणार, कपाळ? आजारानं माणूस चिडचिडा होतो हे मला कळतं. पण आयुष्यभर माझ्या बडबडीवर हसणाऱ्या माणसाला जाता जाता तिचाच कंटाळा यावा, हे मनातून जात नाही. ते गेल्यावर मी रडले त्यातलं निम्मं रडू ह्याचं होतं.

असो. आता मला एवढंच सांगा, ठोंब्याच्या मनातून ही खूण पुसता येईल का? ह्या घरात दोन माणसं राहायची तर कधीतरी गप्प बसावंच लागणार. डॉक्टरांनी सांगितलंय, एकदा जरी दात लागले तरी ठोंब्या गेला. मी त्याला मारून संसार मांडणार नाही. पुसता येत नसेल तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे मी काय ते ठरवीन.

तुमचीच,
वहिनी


१ मार्च

प्रिय वन्सं,

तुमचं उत्तर आलं नाही, म्हणजे उत्तर मला कळलं. रागवायचा तुम्हाला हक्क आहे.

मी चष्मेवाल्यांना काल नाही म्हणून सांगितलं. जिन्यातूनच सांगितलं, म्हणजे बोलत राहता आलं. त्यांनी वाद घातला नाही. कोंबडीचा डबा पायरीवर ठेवला आणि म्हणाले, "हे त्याला द्या. त्याची काही चूक नाही." दुकान उघडं आहे, पण ते आता वर येत नाहीत. ठोंब्या संध्याकाळी जिन्याकडे कान लावून बसतो आणि मग माझ्याकडे बघतो.

तुम्ही माझ्याशी बोलणं सोडू नका, एवढंच. माहेरचं आता कोणी उरलं नाही आणि सासरच्या तुम्ही एकट्याच आहात.

वहिनी


५ मार्च

वहिनी,

मूर्ख आहेस. मीही आहे. दोघी मिळून एक शहाणी झालो असतो तर तो माणूस जिन्यात कोंबडी ठेवून गेला नसता.

राग आला होता, खोटं कशाला बोलू? तुझं पत्र वाचलं आणि दिवसभर कुणाशी बोलले नाही. दादाच्या खुर्चीत दुसरं कोणी बसलेलं डोळ्यांसमोर आलं. पण तो राग संध्याकाळपर्यंत टिकला. त्यानंतर गप्प राहिले ते रागानं नाही. तुझ्या पत्रातल्या बिस्किटांनी मला गप्प केलं. मला जे कळलं ते तुला कसं लिहू ह्यात इतके दिवस गेले. तीन पत्रं लिहून फाडली. आता बसून वाच.

दादा आजाराचं कळल्यावर लगेच माझ्याकडे आला होता, आठवतं? तुला सांगितलं होतं की ठोंब्याचा सराव कमी पडतोय, जरा घासून आणतो. सराव नव्हता. दादा आला आणि इथे अंगणात बसून मला म्हणाला, "ठोंब्या माझी खूण घेतो. तिची घेईल असं करता येईल का? माझ्यामागे ती एकटी असेल. दुकान विकलं तरी लोकांना वाटणार घरात सोनं आहे. आणि ती घाबरली की ओरडत नाही, गप्प होते. एकदा जिन्यात अनोळखी माणूस शिरला होता तेव्हा मी बघितलंय."

मी सांगितलं, करता येईल, पण वेळ लागेल. तिला शेजारी बसवायचं, बोलू द्यायचं, मग मध्येच गप्प करायचं, अगदी निश्चल. ती गप्प झाली त्या क्षणी ठोंब्यानं तिच्याकडे लक्ष दिलं की लगेच खाऊ द्यायचा. मग तिला बोलतं करायचं. रोज, न चुकता. आणि खाऊ देताना तू तिच्याकडे बघायचं नाहीस, कुत्र्याकडेच बघायचं, नाहीतर तो तुझ्या नजरेवर शिकेल.

मी म्हटलं होतं, वहिनीला सांगून कर, सोपं जाईल. तर म्हणाला, "सांगितलं की ती विचारणार, मला कशाला लागेल हे? मग मला म्हणावं लागेल की मी नसेन. ते माझ्यानं तिच्यासमोर बोलवणार नाही." बोलवणार नाही, असं दादा म्हणाला. माझ्याकडून वचन घेतलं की तुला कळू द्यायचं नाही. तो इतक्या लवकर गेला की मला वाटलं, त्याचं हे राहूनच गेलं असेल. म्हणून ठोंब्या तुझी खूण घेतोय हे दिसल्यावरही मला ते खरं वाटेना.

वहिनी, दादाला तुझा कंटाळा आला नव्हता. तो तुला कुत्रा देत होता.

वचन मोडलं. तो असता तर त्यानंही सोडवलं असतं मला त्यातून.

आता ठोंब्याचं. खूण पुसायची नाही. मी पुसू देणार नाही, आणि हे वाचल्यावर तूही म्हणणार नाहीस. पण पुसायची गरजच नाही. एक अपवाद शिकवता येतो. जगातला कोणीही समोर असताना तू गप्प झालीस तर धोका, फक्त ह्या एका माणसासमोर गप्प झालीस तर कोंबडी. इथे तुझ्या गुरुजींचंच औषध चालेल, फक्त मात्रा माझी. मी शनिवारी येतेय. चष्मेवाल्याला सांग, असतील तेवढे जुने कोट काढून ठेव.

वन्सं


६ एप्रिल

वहिनी,

पोचले. इथे सगळ्यांनी माझ्या नावानं ओरडून घेतलं आणि मग जेवण मागितलं.

मी असताना जसं केलं तसंच पुढे चालू ठेव. आधी एक श्वासभर गप्प, चष्मेवाल्यानं तुकडा टाकायचा, ठोंब्या उठायच्या आत तू बोलायला लागायचं. हळूहळू वेळ वाढवायचा. घाई केलीत तर सगळं पाण्यात जाईल. तुझ्या गुरुजींसारखं अर्ध्या तासात होणार नाही, कारण त्यांना मधला कंटाळवाणा भाग कापता येतो आणि आपल्याला येत नाही. एखाद्या दिवशी उलटं गेलं तर दुसऱ्या दिवशी मागच्या पायरीवरून सुरू कर.

माझा जाड बाहीवाला माणूस शेवटच्या दिवशी वर आला, तू गप्प झालीस आणि ठोंब्यानं त्याची बाही धरली, तेव्हा तू रडलीस ते मी पाहिलं. मी पाहिलं नाही असं दाखवलं, कारण मीही तेच करत होते. दादाचं काम जसंच्या तसं आहे.

माणूस बरा आहे. माझ्या चष्म्याची दांडी बसवून दिली आणि कुत्र्यांबद्दल एकही सल्ला दिला नाही. असे पुरुष कमी. तुझं काय ते तू ठरव, पण एक लक्षात ठेव, तू कुणाशीही लग्न केलंस तरी मी तुला वहिनीच म्हणणार. मला ह्या वयात नवीन नातं तोंडात बसवायला जमणार नाही.

वन्सं


२८ एप्रिल

प्रिय वन्सं,

काल चष्मेवाले दुकान बंद करून वर आले. सरावाचा दिवस नव्हता. कोंबडी आणली नव्हती आणि अंगात नवा कोट होता. मला वाटलं, विसरले. विसरले नव्हते.

ठोंब्या दारात आडवा पडला होता. खिडकी उघडी होती, खाली कोणीतरी दुकानाच्या पायरीवर बसून पोरांना हाका मारत होतं. मी नळ दुरुस्त करणाऱ्याची गोष्ट सांगत होते, लांबलचक, तुम्हाला माहीतच आहे. ते ऐकत होते. गोष्ट संपल्यावर म्हणाले, "मागे एकदा विचारलं होतं. पुन्हा विचारू का?"

मी गप्प झाले. सरावाचं गप्प नाही, खरंच गप्प. ठोंब्यानं मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं. चष्मेवाल्यांचा चेहरा पांढरा पडला, पण ते मागे सरकले नाहीत. मला ओरडून ठोंब्याला थांबवावंसं वाटत होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. आणि वन्सं, त्यानं जांभई दिली. जबडा पार उघडून, आवाज करून जांभई दिली, आणि पुन्हा पाय पसरून झोपला. मग मी हो म्हटलं.

नोंदणी पुढच्या महिन्यात आहे. साक्षीला तुम्ही लागणार, नाहीतर मी सही करणार नाही. तारीख तुमच्या कुत्र्यांना विचारून कळवा.

मी त्यांना बिस्किटांचं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "ती खुर्ची तिथेच राहू दे. मी दुसरी आणतो." खुर्ची तिथेच आहे.

बाकी सगळं ठीक आहे. रात्री झोप लागते, जेवण जातं. फक्त एक गोष्ट मनाला लागून राहिलीय, ती तुम्हाला नाही तर कुणाला सांगू? त्या दिवसांत मी ह्यांच्यावर रुसायचे. हे गप्प बस म्हणाले की मी मुद्दाम जास्त बोलायचे, उठून स्वयंपाकघरात जायचे, भांडी आपटायचे. हे खुर्चीत बसून वाट बघायचे, आणि मी परत आले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे, "जरा गप्प बस ना." अंगात ताकद नव्हती हो त्यांच्या. बिस्किट मोडायलाही दोन्ही हात लागायचे. एकदा जरी मला कळलं असतं ना वन्सं, तर मी ते म्हणतील तितका वेळ गप्प बसले असते.

तुमची,
वहिनी